पाखरं येण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मेल रात्री उशिरा वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण डोळे मिटायला लागले, म्हणून आज पहाटे चहा घेऊन बसलोय. कॅलिफोर्नियात पहिल्याच वर्षी जुना पूल पाडायचं काम तुझ्याकडे आलं आणि त्यातली पर्यावरणाची बाजू तुझ्या एकटीच्या गळ्यात पडली, हे वाचून आनंदही झाला आणि थोडी काळजीही वाटली. तू लिहिलंयस, 'पुलाखाली मातीची पन्नासेक घरटी आहेत, पण सगळी रिकामी आहेत, म्हणून सध्या तरी चिंता नाही.' या वाक्यापाशी मी थबकलो. अगं, घरटी रिकामी आहेत तोवरच तुझ्या हातात काहीतरी आहे. सध्या नोव्हेंबर चालू आहे. पाखरं फेब्रुवारीच्या शेवटापासून यायला लागतील. मधले तीन महिने म्हणजेच तुझं खरं काम.

ती घरटी क्लिफ स्वॅलोची आहेत, फोटोवरून माझी खात्री झाली. आपल्याकडच्या भिंगरीच्या कुळातला हा पक्षी. कपाळावर पांढुरका टिळा, शेपटीची मुळं फिकट पिवळसर, शेपूट आखूड आणि चौकोनी. हिवाळा हे पक्षी दक्षिण अमेरिकेत काढतात, अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या दक्षिण भागात, आणि तिथून हजारो किलोमीटर उडून अनेकदा त्याच पुलाखाली परत येतात. एक घरटं म्हणजे साधारण हजारभर चिखलाच्या गोळ्या. एकेक गोळी चोचीत धरून ओढ्यावरून आणायची, तुळईच्या कोपऱ्यात दाबून बसवायची, ती जरा सुकली की पुढची. एप्रिलमध्ये ओढ्याकाठी उभी राहून बघ. पाखरं पंख वर उभारून, थरथरवत चिखलावर टेकतात, आणि पाचेक सेकंदांत उडून जातात. इतक्या वर्षांत मला ते बघण्याचा कंटाळा आलेला नाही.

आता कायदा. तुझ्या फाइलमध्ये १९१८चा स्थलांतरित पक्षी करार कायदा असेलच. त्याच्या मागे १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात झालेला करार आहे. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं परवान्याशिवाय तोडता येत नाही. पूर्ण रिकामं घरटं मात्र तोडता येतं, आणि तुझी सगळी मदार याच मुभेवर आहे. साइटवर कुणीतरी तुला सांगेल की हा कायदा आता सैल झालाय. कामाच्या ओघात, हेतू नसताना पक्षी मेला तर तो गुन्हा धरायचा की नाही, यावर वॉशिंग्टनचं मत २०१७ साली बदललं, २०२१ साली परत फिरलं आणि २०२५ साली पुन्हा बदललं, हे खरं आहे. पण राज्याच्या कायद्यातलं ३५०३ कलम स्वतंत्र आहे. कोणत्याही पक्ष्याचं घरटं वा अंडी विनाकारण नष्ट करायला त्यात मनाई आहे, आणि तुमच्या कंत्राटातल्या अटी तर तिसऱ्याच. या वादात तू पडू नकोस. कंत्राटाचं ते पान उघडून दाखव आणि पुढच्या कामाला लाग.

खरी अडचण दिनदर्शिकेत आहे. ओढ्याच्या पात्रात उतरून काम करायची परवानगी माशांमुळे साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर एवढीच मिळते. पक्ष्यांचा विणीचा हंगाम कंत्राटात बहुधा फेब्रुवारीपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत धरलेला असतो. म्हणजे मासे म्हणतात उन्हाळ्यात पाडा, आणि पाखरं म्हणतात उन्हाळ्यात हात लावू नका. यातून एकच वाट निघते. जूनमध्ये पूल पाडायचा असेल तर त्या वर्षी त्याच्यावर एकही घरटं बसता कामा नये, आणि ते साधायचं हिवाळ्यात. जानेवारीअखेर जुनी घरटी खरवडून काढा. मातीचा वळसुद्धा तुळईवर ठेवू नका, कारण जुन्या वळावरच नवी गोळी पटकन चिकटते. मग जाळी किंवा गुळगुळीत प्लास्टिकचे पत्रे बसवा. हे काम वेळापत्रकात वेगळ्या ओळीत, स्वतःच्या तारखेसह लिहिलेलं असलं पाहिजे. 'पर्यावरणविषयक तयारी' अशा मोघम ओळीत ते दडपलेलं असलं, तर मार्च उजाडेपर्यंत कुणालाही त्याची आठवण होणार नाही. असं झालेलं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

जाळीबद्दल तुला सविस्तर सांगायला हवं. माझं तिसरं-चौथं वर्ष असेल. कुठला पूल, कुठली कंपनी, ते सांगत नाही. जाळी उशिरा लागली, मार्चमध्ये, आणि घाईघाईत. बांधण्या लांब लांब होत्या, मधे पोट सुटलेलं, वाऱ्यावर फडफडायची. मी खालून बघितलं आणि तपासणीच्या कागदावर सही केली. वर चढलो नाही. दोन दिवसांनी सकाळी गेलो तर तुळई आणि खांबाच्या सांध्यात, जिथे जाळी तळहाताएवढी सुटली होती, तिथून पाखरं आत शिरली होती आणि बाहेरची वाट त्यांना सापडत नव्हती. एक पाखरू पंखाला जाळीचा पीळ बसून उलटं लटकत होतं. शिडी लावली, खिशातल्या चाकूने दोरे कापले. ते हातात आलं तेव्हा जिवंत होतं. अर्ध्या लिंबाएवढं वजन असतं त्यांचं. छाती इतकी जोरात धडधडत होती की माझ्या बोटांना ते सगळं कळत होतं. टोपलीत ठेवून गाडीपर्यंत नेईस्तोवर ते गेलं. त्या कागदावर माझी सही होती. तेव्हापासून मी जाळी खालून कधी तपासली नाही. तूही तपासू नकोस. तिच्या कडेवर हात फिरव, बोट आत जातंय का बघ. जाळी ताणलेली हवी, बोटाने ओढली तर तंबोऱ्याच्या तारेसारखी परत बसली पाहिजे. आणि ती रोज तपासायची, वारा झाला की त्याच दिवशी पुन्हा. हे रोज होणार नसेल, तर जाळीपेक्षा पत्रे बरे.

एवढं करूनही पाखरं येणार. ती फार चिवट असतात. अर्धवट घरटं रोज सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने काढता येतं, पण आत अंडं नाही याची खात्री करूनच. इथेच नवी माणसं फसतात. क्लिफ स्वॅलोची मादी घरटं पूर्ण व्हायची वाट पाहत नाही, नुसती वाटी तयार असली तरी अंडं घालते. शिवाय ती दुसरीच्या घरट्यात अंडं घालते, कधी तर स्वतःच्या घरट्यातलं अंडं चोचीत धरून शेजारणीकडे नेऊन ठेवते. म्हणून काल रिकामी असलेली वाटी आज रिकामीच असेल असं धरून चालू नकोस. दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा लांब काठीला बांध, बाजूला बारीक विजेरी, आणि प्रत्येक वाटीत डोकाव. पांढरट, तपकिरी ठिपक्यांचं अंडं आरशात दिसलं की तिथेच हात थांबव. तीन-चार अंडी, दोन आठवडे उबवणं, मग पिल्लं उडायला तीनेक आठवडे. म्हणजे त्या एका अंड्याने तुझे सहा आठवडे नेले. शिवाय सगळी घरटी एकदम मोकळी होत नाहीत, एकीची पिल्लं उडतात तेव्हा दुसरी अंड्यावर बसलेली असते. घरटं सापडलं तर लपवायचं नाही. मुकादम नजरेने विनवेल, तरीही नाही. त्याच तासाला डायरीत लिही, फोटो काढ, दोरी लावून ती जागा बंद कर.

मुकादमावरून आठवलं, त्याच्याशी फेब्रुवारीआधीच ओळख कर. पुलाखाली दिवसभर तो आणि त्याची माणसं असतात, तू नसतेस. पहिलं पाखरू त्यांनाच दिसणार. मी दरवर्षी कामगारांना पुलाखाली नेऊन एक जुनं घरटं हातात देत असे. त्या गोळ्या मोजायला लागले की माणसं गप्प होतात. तिसऱ्या दिवशी फोन येतो, 'या, एकीने सुरुवात केलीय.'

घाईने हाकललेली पाखरं बोलावली की परत येतील, किंवा आपण दाखवू तिथे जाऊन बसतील, असं मात्र समजू नकोस. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजचा पूर्वेकडचा जुना भाग पाडायचा होता. तो १९३६चा, आणि त्यावर पाणकावळ्यांची मोठी वसाहत. नव्या पुलाखाली त्यांच्यासाठी मुद्दाम फलाट बांधले. २०१३ साली नवा पूल सुरू झाला, पण पाणकावळे जुन्यावरच बसले. मग खोटे पाणकावळे मांडले, त्यांचे आवाज वाजवले. तिकडे दक्षिण कॅलिफोर्नियात सॅन हुआन कॅपिस्ट्रानोच्या जुन्या मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या ठाण्यात, १९९०च्या दशकात पडक्या चर्चची डागडुजी करताना याच आपल्या स्वॅलोंची घरटी काढली गेली. तिथे त्यांच्या आगमनाचा १९ मार्चला उत्सव होतो. उत्सव चालूच राहिला, पण पाखरं दुसरीकडे गेली, आणि त्यांना परत आणायला पुढे खोटी घरटी आणि ध्वनिमुद्रणं लावावी लागली. म्हणून तुझ्या पुलाच्या आसपास दुसरा पूल कुठे आहे, त्याखाली जागा आहे का, तिथे यंदा कुणी रंगकाम काढणार नाही ना, हे जिल्ह्याच्या माणसाला आत्ताच विचार. नव्या पुलाच्या तुळईचा खालचा कोपरा कसा आहे, तेही नकाशात बघ. पुढच्या वर्षी तिथे त्यांना गोळी चिकटवता आली पाहिजे.

तू लिहिलंस की हे सगळं आपल्याकडे कुठे बघायला मिळालं असतं. अगं, आपल्याकडेही गळ्यावर रेघा असलेली भिंगरी याच जातकुळीची आहे, नदी-कालव्यांवरच्या पुलांखाली अशीच मातीची दाट वस्ती करते. आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी, घरटी विस्कटणंही येतं. सुट्टीत घरी जाशील तेव्हा एखाद्या जुन्या पुलाखाली उतरून वर बघ.

आरसा मी पाठवतोय, माझाच जुना. काठीचा वरचा सांधा ढिला झालाय, त्याला चिकटपट्टीचे दोन वेढे घाल. वेळापत्रकात ती ओळ आली की मला फोटो पाठव.

अनेक आशीर्वाद,
काका