हिमोक्रोमॅटोसिसला मराठीत काय म्हणायचं? लोह ‘साठतं’ की ‘साचतं’?

प्रश्न एका ताईंचा आहे. त्यांचा भाऊ आयर्लंडला असतो, वहिनी तिथलीच, आणि वहिनीच्या आईला हिमोक्रोमॅटोसिस निघालाय, रिपोर्टमध्ये सी२८२वाय हा जीनमधला बदल आईवडील दोन्हीकडून आलाय असं लिहिलंय. आता हे इकडे आपल्या आईला मराठीत कसं सांगायचं, ‘लोहरक्तता’ म्हटलं तर चालेल का?

ताई, लोहरक्तता नको. चूक तुमची नाही, मूळ नावातच घोळ आहे. ग्रीकमध्ये हायमा म्हणजे रक्त, क्रोमा म्हणजे रंग. १८८९ मध्ये रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरने हे नाव दिलं कारण अवयवांत दिसणारा तपकिरी रंग रक्तातून येतो असं त्याला वाटलं होतं. पण हा आजार रक्ताचाही नाही आणि रंगाचाही नाही, आतडं जेवणातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि ते लिव्हर, स्वादुपिंड, हृदय, सांधे यांच्यात जाऊन बसतं. शिवाय ‘हिमो’ ऐकलं की आपल्याकडे लोकांना एकदम हिमोफिलिया आठवतो, म्हणजे रक्त थांबत नाही तो आजार, आणि आई उगाच घाबरतील.

पुस्तकी मराठीत ‘लोहसंचय’ किंवा ‘लोहाधिक्य’ चालेल. पण मला विचाराल तर आपल्याकडे याहून नेमकं क्रियापद आहे. धान्य आपण साठवतो, पाणी टाकीत साठवतो, पण गटार तुंबलं की पाणी साचतं, कोपऱ्यात धूळ साचते. साठवण्यात हेतू असतो, साचणं नको असताना होतं. संस्कृत ‘संचय’मध्ये हा फरक उरत नाही, बोलीत तो लख्ख आहे, म्हणून मी ‘अंगात लोह साचण्याचा आजार’ असंच म्हणेन. आणि शरीराकडे जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोयच नाही, रोज साधारण १ ते २ मिलिग्रॅम आत येतं आणि तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर वगैरे जातं, त्यामुळे आत येणं थोडं जरी वाढलं तरी वर्षानुवर्षं ते साचतच राहतं. (आई लोखंडी कढईला दोष देतील, तर तसं नाही म्हणून सांगा, आत किती घ्यायचं याचा हिशोबच बिघडलेला असतो.)

रिपोर्टमधल्या फेरिटिनला मात्र ‘साठा’ हाच शब्द बरोबर, कारण ते लोह नीट साठवून ठेवणारं प्रोटीन आहे, सगळ्यांच्याच अंगात असतं. ट्रान्सफरिन म्हणजे लोहाची ने-आण करणारं. त्याच्या सॅच्युरेशनला पुस्तकात ‘संपृक्तता’ म्हणतात, पण आईंना एसटीच्या सीटा सांगा: एरवी शंभरातल्या तीसेक भरलेल्या असतात, ४५ च्या वर गेल्या की डॉक्टर जीन तपासायचं बघतात.

उपचाराच्या शब्दाला जपून. तिकडे फ्लेबॉटमी म्हणतात, शब्दशः शीर कापणं, आणि डिक्शनरीत ‘रक्तमोक्षण’ सापडेल. शब्द सुंदर आहे पण आपल्याकडे तो ऐकला की आयुर्वेद, पंचकर्म, जळवा हेच डोळ्यासमोर येतं. इथे रक्तदानाला काढतात तसंच अर्धा लिटरच्या आसपास रक्त काढतात आणि त्याबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं, सुरुवातीला बऱ्याचदा दर आठवड्याला. नवीन रक्त बनवायला शरीर साचलेलं लोह वापरतं, म्हणून हळूहळू ते उतरतं. तेव्हा सरळ ‘रक्त काढून टाकतात’ म्हणा.

आता स्पेलिंग. सगळीकडे ‘अनुवांशिक’ लिहिलेलं दिसतं, बरोबर शब्द ‘आनुवंशिक’. ‘इक’ लागला की पहिला स्वर वाढतो, समाजचं सामाजिक होतं तसं अनुवंशचं आनुवंशिक, मधल्या ‘व’ला काना द्यायचं कारणच नाही. आणि याला ‘जन्मजात’ही म्हणू नका, जीनमधला बदल जन्मापासून असतो पण त्रास बहुतेकदा चाळिशीनंतर दिसतो, बायकांना तर पाळी थांबल्यावर, कारण तोवर दर महिन्याला थोडं लोह आपोआप जात असतं.

सगळ्यात अडचणीचा शब्द ‘वाहक’. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दादाच्या सासूबाईंच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत म्हणजे एक वहिनीकडे आलीच. आयर्लंडमध्ये साधारण पाचातल्या एकाकडे अशी एक प्रत असते, त्यामुळे आपल्या वडिलांकडूनही आलीय का ते वहिनींनी तपासून घ्यावं हे नक्की. आपल्याकडे सी२८२वाय फार क्वचित सापडतो, म्हणून दादाकडून यायची शक्यता कमीच, पण नातवंडांना आईकडची एक प्रत मिळू शकते. अशांना पुस्तकात वाहक म्हणतात, आणि आपल्या कानाला वाहक म्हणजे एक तर एसटीचा कंडक्टर नाही तर रोग पसरवणारा डास. नातवंडांबद्दल हा शब्द आजीच्या कानावर पडायला नको. ‘एक प्रत आहे, आजार नाही’ एवढंच सांगा.