मोर्चाला १५ जणीच आल्या, आता काय करू?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका गावची, वय ३४, बचत गटाची सचिव आहे. आमच्या स्टँडजवळ लायसनवालं देशी दारूचं दुकान आहे, शाळेची पोरं त्याच रस्त्यानं जातात. दोनदा निवेदन दिलं, काही झालं नाही. मग मोर्चा ठरवला, मीटिंगला ६० जणी हो म्हणाल्या अन् त्या दिवशी आलो १५. आता लोक हसतात. माझ्यात पुढारपणच नाही असं वाटायला लागलंय. बायकांना एकत्र कसं करायचं ह्याचं कुठं ट्रेनिंग मिळतं का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, त्या ४५ जणींवर रागावू नका हं. मीटिंगमध्ये सगळ्यांसोबत हात वर करणं सोपं असतं, पण मोर्चाच्या दिवशी सकाळी घरात नवरा नुसता "कुठं निघाली?" म्हणाला तरी पाय उंबऱ्यात अडकतो. तुम्ही मीटिंगमध्ये विचारलंत, घरी जाऊन एकेकीला विचारलं नाहीत, माझ्या मते गडबड तिथंच झालीये. तुमच्या पुढारपणात काही खोट नाही.

आता मुद्द्याचं. लायसनचं दुकान आपल्याकडे बायकांच्या मतदानानं बंद होऊ शकतं, आडवी बाटली (दुकान बंद) उभी बाटली (दुकान चालू) ऐकलं असेलच. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांसकट लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान लागतं आणि आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. (नियमात बदल होत असतात, म्हणून आधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या ऑफिसातून आजचा नियम लेखी मागून घ्या.)

"एकूण" हा शब्द नीट बघा. समजा यादीत ८०० बायका आहेत. मतदानाला ५०० आल्या अन् त्यातल्या ३८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी तुम्ही हरलात, कारण लागतात ४०१. म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपोआप दुकानवाल्याच्या खात्यात! भाषण कितीही जोरदार ठोका, त्यानं हे गणित सुटत नाही, घरोघर फिरून सुटतं, आणि संघटन संघटन म्हणतात ते मला तरी ह्यापेक्षा वेगळं काही दिसलेलं नाही.

तर ट्रेनिंग म्हणाल तर ते मतदार यादीपासून सुरू करा. यादीची प्रिंट काढा, दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक बाईसमोर एक ओळ. पहिल्याच दिवशी कळेल की लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं अजून गावातच आहेत, वारलेल्या म्हाताऱ्या यादीत आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या सुनांची नावंच नाहीत. गेलेल्या अन् वारलेल्यांची नावं त्या ८०० मध्ये मोजली जातात, सुनांची मात्र नाहीत. म्हणून बीएलओला (गावची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) गाठून नावं कमी करायला फॉर्म ७, सुनेचं नाव पहिल्यांदाच लागत असेल तर फॉर्म ६ आणि माहेरच्या यादीतून इकडं आणायचं असेल तर फॉर्म ८ भरून घ्या. हे काम रटाळ आहे पण गणित इथंच फिरतं. आणि तुमच्याकडं दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला गेल्या की निम्मं गाव रिकामं, तेव्हा कारखाने बंद होऊन बायका परतल्यावरच मतदान लागेल असा हिशोब धरून सह्यांना हात घाला.

घरी गेल्यावर दारूबद्दल आधी बोलूच नका. "कसं चाललंय?" विचारा अन् गप्प बसा. मी एका गावात अशीच एका वहिनींच्या ओट्यावर बसले होते, पाऊण तास त्या शेंगा फोडत राहिल्या, काही बोलल्या नाहीत, उठायच्या वेळी हळूच म्हणाल्या, "पोरगा त्याच दुकानात कामाला हाय, मी सही कशी करू?" आम्ही सही मागितली नाही. वहीत लिहिलं, सही नाही, गुप्त मतदानाला घ्यायला जाणे. असा प्रत्येक घराचा पेच निराळा असतो, कुणाला दुकानवाल्याची उसनवारी असते, कुणाला सासूची भीती, तो कळल्याशिवाय त्या बाईला काय काम द्यायचं ते कळत नाही.

जिला जेवढं जमेल तेवढंच काम द्या. १९७२ ला मुंबईत महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, पण ज्यांना घर सोडता येत नव्हतं त्यांनी ठरल्या वेळी घरातूनच थाळ्या वाजवल्या. त्याही आंदोलनातच होत्या ना! तुमच्याकडं एखादी नुसती पोरं सांभाळेल, एखादी फक्त आपल्या आळीतल्या १० घरांचा निरोप बघेल, चालेल.

सह्या २०० लागत असतील तर ३०० घ्या, कारण पडताळणीला साहेब समोर बसले की दबावानं काही जणी "माझी सही नाही" म्हणतात, हे होतंच. आणि निवेदन द्यायला, बोलायला दर वेळी तुम्हीच पुढं होऊ नका. दुकानवाला आधी पुढच्या बाईलाच गाठतो, तुमच्या मागं बोलणाऱ्या आणखी पाच-सहा जणी तयार असल्या तर तो गाठणार कुणाकुणाला?

तुमच्याकडं त्या १५ जणी आहेतच की, मोर्चाच्या दिवशी घरचं सगळं झेलून आलेल्या. येत्या रविवारी त्यांनाच चहाला बोलवा, यादी वाटून घ्या, दोघी-दोघींच्या जोड्या करा, पहिल्या आठवड्यात एका जोडीला पाचच घरं. कोण काय म्हणालं ते वहीत लिहा अन् महिन्याभरानं मला पत्र टाका, पुढचं त्या वहीवरून ठरवू.