मेक्सिकोच्या जुन्या गाणी-विनोद-घोडेस्वारीवाल्या सिनेमांपैकी एकच पाहायचा तर कोणता?

'दोस तिपोस दे कुइदादो' पाहा. १९५३ साली आलेला, इस्माएल रोद्रिगेस यांनी दिग्दर्शित केलेला. नावाचा अर्थ साधारण 'जपून राहावं असे दोन गडी'. होर्हे नेग्रेते आणि पेद्रो इन्फान्ते हे तिथले दोन सर्वांत लाडके गायक-नट बरोबरीच्या भूमिकांत एकत्र आले ते फक्त याच सिनेमात.

गोष्ट दोन जिगरी दोस्तांची. होर्हेचं जिच्यावर प्रेम, तिच्याशी पेद्रो लग्न करून मोकळा होतो आणि दोस्तीचं वैर होतं. का केलं, ते मी सांगणार नाही; सगळी गंमत त्यातच आहे. पात्रांची आडनावंही बघा: एक 'बुएनो' म्हणजे चांगला, दुसरा 'मालो' म्हणजे वाईट!

खरा जीव आहे तो समारंभातल्या कोप्लांच्या जुगलबंदीत. कोप्ला म्हणजे छोटी यमकबद्ध कडवी. भरल्या मांडवात, पाहुण्यांसमोर, दोघं गाण्यातून एकमेकांची उणीदुणी काढतात. आपल्या तमाशातले सवाल-जवाब ऐकलेल्याला सबटायटल नसली तरी रंग कळेल. नेग्रेतेचा आवाज ऑपेराच्या तालमीतला, भारदस्त. इन्फान्ते मूळचा सुतारकाम करणारा, त्याचं गाणं मोकळं, लाडिक. मला इन्फान्ते जास्त आवडतो.

नेग्रेते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला, इन्फान्ते १९५७ मध्ये विमान अपघातात गेला. त्यामुळे ही जोडी पुन्हा जमलीच नाही, आणि ते दोघं शेजारी उभे राहून गाताना पाहिले की माझ्या पोटात अजूनही कालवतं.