जर्मनीतला पहिला हिवाळा आणि गाडीचे टायर

हिवाळी टायर लावायला बर्फ पडायची वाट बघू नकोस. पारा सात अंशांच्या खाली राहायला लागला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. इथे सगळे ऑक्टोबर ते ईस्टर असाच हिशेब धरतात. पहिला बर्फ पडला की वर्कशॉपची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, तेव्हा आधीच घेऊन टाक.

वापरलेले टायर स्वस्तात बघतोयस ना? मग बाजूवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवंच. नुसतं ‘एम प्लस एस’ (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे जुनं चिन्ह १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. बर्फाळ रस्त्यावर पकडलं तर ६० युरो दंड आणि वर तुझ्या नावावर दंडाचा एक पॉइंट. तिथेच ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. विकणारा ‘जवळजवळ नवेच’ म्हणेल, तू आकडे वाच. नक्षीची खोली कायद्याला १.६ मिमी पुरते, पण ४ च्या खालचे हिवाळी टायर मी तरी फुकटसुद्धा घेणार नाही.

चाकं बदलल्यावर ५०-१०० किमी झाले की बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) पुन्हा तपासून घे. हवा टायर थंड असतानाच बघायची. आणि काढलेल्या चाकांवर खडूने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ लिही, नाहीतर ईस्टरला डोकं खाजवत बसशील.