नाव वाचलं, मग पैसे सांगितले

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे, कबड्डीत उजवा कोपरा, म्हणजे बचावात उजव्या टोकाला, खेळते. जिल्हा संघाच्या निवड चाचणीला आम्ही पहाटेच्या वस्तीच्या गाडीने गेलो. बारा जणींच्या यादीत तिचं नाव वाचलं, मला रडूच आलं. अर्ध्या तासाने सांगितलं, की शिबिर, ट्रॅकसूट आणि प्रवासाचे मिळून ७,५०० रुपये दोन दिवसांत भरा. तिचे बाबा बोटीवर खलाशी. ऑगस्ट नुकताच लागला होता, पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या मासेमारीबंदीनंतर हातात काही नव्हतं. मुदत मागितली तर म्हणाले, पुढच्या मुलीला घेतो. घेतलंही. आता ती पहाटे धावायला जाते, पण मैदानाकडे फिरकत नाही. माझं चुकलं का? कर्ज काढायला हवं होतं का?
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. व्याजाने पैसे काढले नाहीत, हे उत्तम केलंत. मी ३१ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यातली बरीच वर्षं निवड समितीवर होतो. मुलीचं नाव वाचून झाल्यावर पैशांचा आकडा सांगायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. चाचणीच्या पत्रकातच एकूण खर्च, त्यातला पालकांचा वाटा आणि भरायची मुदत छापलेली हवी. ज्यांना झेपणार नाही त्यांचं काय करणार, तेही तिथेच. अशी मुलं खेळात हरत नाहीत, ती घरीच राहतात. आणि जी आलीच नाहीत, त्यांची नोंद कुणाच्याही कागदावर नसते.

एक गोष्ट सांगतो, माझीच आहे. मंडणगडकडची एक मुलगी मातीवर अनवाणी खेळून तयार झालेली. चाचणी मॅटवर होती. मैत्रिणीचे बूट घालून उतरली, दोन नंबर मोठे, पुढे चिंध्यांचे बोळे कोंबलेले. चढाईवाली बोनस रेषेवर पाय टाकायला गेली आणि हिने घोटा धरला. पकड अचूक होती, पण हिचा मागचा पाय बुटातल्या बुटात फिरला आणि ती खाली बसली. असं दोनदा झालं. मी कागदावर ‘तोल कच्चा’ असं लिहून मोकळा झालो. संध्याकाळी ती बूट मैत्रिणीला परत देत होती, तेव्हा सोललेल्या टाचा दिसल्या. यादी वाचून झाली होती. मी उठून ती थांबवायला हवी होती, थांबवली नाही. त्यानंतर कुठल्याही चाचणीला जाताना मी पिशवीत वेगवेगळ्या नंबरचे पाच-सहा जोड घेऊन जायचो. ते काम माझ्या एकट्याच्या पिशवीवर का अवलंबून असावं?

आता तुमच्या ७,५०० रुपयांबद्दल. त्याचा तपशील लेखी मागा. ट्रॅकसूट दरवर्षी नवा कशाला? जर्सी संघाच्या मालकीची ठेवावी, स्पर्धा झाली की मुलींनी धुऊन परत द्यावी. प्रवासाचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीमध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे. मुलींचा संघ राज्यातल्या राज्यात जात असेल आणि तरी पूर्ण भाडं लावलं असेल, तर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे नऊ तालुके, वर मंडणगड आणि खाली राजापूर. चाचणी एकाच टोकाला ठेवली की दुसऱ्या टोकाच्या घराला आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा भुर्दंड पडतो. उत्तरेला खेड, दक्षिणेला लांजा अशा दोन चाचण्या घेऊन शेवटची चिपळूण-संगमेश्वरकडे घेता येते. पंचांनी प्रवास करावा, पोरींनी का?

निवड नीट झाली का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीच्या आईला तो माहीत असावा. चढाईचे गुण सगळ्यांना दिसतात. कोपऱ्याकडे समोरची चढाईवाली फिरकलीच नाही, तर त्या मुलीचा हिशेब कोरा राहतो, आणि बरेचदा ती तिकडे फिरकत नाही ती याच मुलीच्या धाकाने. म्हणून एका सामन्यावर निवड नको. किती पकडी केल्या, किती साधल्या, किती चढाया रिकाम्या परतवल्या, हे तीन-चार सामन्यांत लिहिलं जावं. निवडणाऱ्यांनी आपापले गुण आधी लिहून द्यावेत, चर्चा नंतर. आणि ज्याच्या मंडळाची मुलगी चाचणीत आहे, त्याने तिच्यापुरतं बाजूला बसावं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ठरावीक पातळीवरच्या खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्या वाटेची सुरुवात अशाच याद्यांपासून होते.

तुम्ही असं करा. जिल्हा संघटनेला साधा अर्ज द्या, प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या. भांडणाची भाषा नको. तुमची मुलगी निवडली गेली होती आणि पैशांच्या मुदतीमुळे तिचं नाव काढलं, एवढं लेखी नोंदलं जाऊ द्या. गावाच्या मुंबई मंडळाशीही बोला. आपले चाकरमानी देवळाच्या रंगाला पैसे देतात, पोरीच्या बुटांनाही देतील, पण आधी कुणीतरी मागायला हवं. आणि शालेय स्पर्धांची वाट वेगळी आहे. १७ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती जाते, आणि तिथे तुमच्या मुलीला शाळेतून उतरता येईल. शाळेतल्या सरांना आजच भेटा.

तिला मैदानावर जा म्हणू नका. सातवी-आठवीच्या पोरींना घोटापकड शिकवायला आठवडाभर कुणी हवंय, एवढंच सांगून बघा.

प्रश्न : आमच्या १४ वर्षांखालील संघात दरवर्षी धिप्पाड मुलंच येतात. लहान चणीची पण चपळ मुलं मागे राहतात. काय करू?
— एक शिक्षक, देवगड

उत्तर : सर, चाचणीच्या तक्त्यात वजनाशेजारी जन्ममहिना लिहा. शालेय स्पर्धेत वय १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळे त्याच गटातला जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढी उंची! कॅनडातल्या आइस हॉकीबद्दल १९८५ मध्ये हेच दाखवून दिलं गेलं होतं, तिथल्या वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू जास्त निघाले. संघात घेणं न घेणं तुमच्या हातात आहे. पण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या चपळ मुलांची नावं वेगळ्या वहीत उतरवून ठेवा, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या दिवशी त्यांना नावाने हाक मारून बोलवा.