होपी बाहुली देव्हाऱ्यात ठेवावी का?

प्रश्न : माझ्या भाच्याने अमेरिकेतल्या ॲरिझोनाहून तिथल्या होपी या मूळ रहिवासी जमातीची रंगवलेली लाकडी कचिना बाहुली आणली आहे. ती देवाची मूर्ती आहे, असे आमच्या सासूबाईंचे म्हणणे आहे आणि नातीला ती खेळायला हवी आहे. ती कोठे ठेवावी आणि ती अस्सल आहे, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : होपी घरांत ही बाहुली भिंतीवर टांगलेली असते, आपणही तसेच करावे. होपींच्या श्रद्धेप्रमाणे कचिना हे पाऊस, पीक आणि आरोग्य देणारे आत्मे असून ॲरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ शहराजवळच्या सॅन फ्रान्सिस्को नावाच्या शिखरांवर त्यांचा वास असतो. हिवाळ्यात ते गावात येतात आणि जुलैमधल्या निमान सोहळ्यानंतर परत जातात, असे मानतात. या काळात त्यांचे मुखवटे धारण करून चौकात नाचणारे पुरुष या बाहुल्या मुलींना देतात, म्हणजे कोणत्या आत्म्याचा चेहरा कसा आणि पेहराव कोणता, हे त्यांना लहानपणापासून कळते. बाहुलीची पूजा होत नाही. तेव्हा आपल्या नातीचा हट्ट अस्थानी नाही. ही भेट मुळात मुलींचीच आहे, म्हणून तिला जवळ बसवून ती नीट दाखवावी.

नाचातले मुखवटे मात्र होपींना अतिशय पवित्र असतात. 2013 मध्ये होपींचा विरोध डावलून पॅरिसमध्ये त्यांचा लिलाव झाला, ही मला अत्यंत क्लेशदायक गोष्ट वाटते. असा मुखवटा कोणी देऊ केला, तरी घेऊ नये.

अस्सल बाहुली कॉटनवुड या झाडाच्या वाळलेल्या मुळातून कोरतात, त्यामुळे ती हाताला हलकी लागते. अलीकडच्या बाहुलीच्या बैठकीखाली बहुधा कारागिराची सही आणि कचिनाचे नाव असते. जुन्या बाहुल्यांवर ते सहसा आढळत नाही. गरुडाची पिसे विकण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी असल्यामुळे आजचे कसबी कारागीर पिसेही लाकडातच कोरतात. अशा बाहुल्या इतरही कारागीर बनवतात, परंतु तेथील 1990 च्या कायद्यानुसार दुसऱ्या कोणाची वस्तू होपींची म्हणून विकणे गुन्हा आहे. म्हणून भाच्याकडून पावती मागवून तीवर काय लिहिले आहे, ते पाहावे.

जुन्या पद्धतीच्या बाहुलीवर पांढऱ्या मातीचा थर देऊन त्यावर खनिज रंग लावलेले असतात आणि ते ओल्या बोटानेही निघून येतात. म्हणून हळदकुंकू लावू नये, ओल्या फडक्याने पुसू नये, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी आणि बडोद्याच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर, ती टांगावी.