शेपटीपासून चार मीटर

प्रश्न : ताई, येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. मुलाने मालदीवमधल्या धिगुरा बेटावर चार रात्रींचं बुकिंग करून दिलंय आणि वर हुकूम सोडलाय, व्हेल शार्कबरोबर पोहूनच या. हे निर्धास्त आहेत. मी आजोळच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले, समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेले नाही. तो चावत नाही ना? आणि आपण त्या जिवाला उगीच त्रास तर देत नाही ना? दोन बोटवाल्यांशी बोलणं झालंय. एक म्हणतो, दिसला नाही तर अर्धे पैसे परत. दुसरा म्हणतो, नशिबाचा भाग आहे. कुणाबरोबर जावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चावण्याचं आधी मिटवून टाकू. जगातला सगळ्यात मोठा मासा असला तरी हा खातो जवळ्यासारखे बारीक जीव, माशांची अंडी, पाण्यात तरंगणारं प्लवक. तोंड उघडं टाकून पाणी गाळत हिंडतो. माणूस त्याच्या ताटात नाही. (उलट मी वेंगुर्ल्याची, मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण खाऊन वाढलेली. घाबरायचंच तर शार्कने मला घाबरावं.) तुम्ही जाताय तिथे, दक्षिण आरी प्रवाळद्वीपाच्या कडेला, हे मासे वर्षभर दिसतात आणि बहुतेक वयात न आलेले नर असतात. म्हणजे पोरंच म्हणायची. पण एकेक पोर टेम्पो ट्रॅव्हलरएवढं.

तुमचा दुसरा प्रश्न वाचून बरं वाटलं. मला येणाऱ्या पत्रांत लोक फोटो कसा येईल ते विचारतात, त्रासाचं क्वचितच कुणी. त्रास होतो. कसा, ते माझ्याच फजितीवरून सांगते.

पहिल्यांदा गेले तेव्हा बोटीच्या टपावरचा पोरगा ओरडला आणि आम्ही चौदा जण धपाधप पाण्यात पडलो. आजूबाजूला आणखी सहा-सात बोटी. खाली पांढऱ्या ठिपक्यांची एक करडी भिंत सरकत होती, अगदी निवांत. तिचं तोंड कॅमेऱ्यात यावं म्हणून मी जिवाच्या आकांताने पाय मारत मागून पुढे निघाले. देवमाशाची शेपूट वर-खाली हलते, याची डावी-उजवीकडे, हे मला पाठ होतं. पण त्या घाईत कुणाला आठवतंय! शेपटीचा फटका लागला नाही, नुसतं तिने लोटलेलं पाणी लागलं. तेवढ्याने मास्क कपाळावर गेला आणि नाकातोंडात खारं पाणी. डोळे पुसून पाहते तो निळ्या पाण्याखेरीज काही नाही. मासा खाली निघून गेला होता. मागे एक आजोबा नातवाचा हात धरून पोहत येत होते, त्यांना तो दिसलाच नाही. बोटीवर तांडेल मला एका शब्दाने बोलला नाही, फक्त चहाचा पेला दुसरीकडे बघत दिला.

म्हणून अंतराचा नियम पाठच करा : अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, त्याच्या वाटेत आडवं जायचं नाही. त्याच्या बाजूने, साधारण पुढच्या पराच्या रेषेत, त्याच्याच दिशेने पोहायचं. तो खाली गेला की आपण थांबायचं. तो सहज पोहतो तेव्हाही आपली दमछाक होते, पाठलाग करून कुणी जिंकत नाही.

आता बोट. पैसे परत देणाऱ्याकडे जाऊ नका. मासा दिसला नाही की ज्याचं नुकसान होतं, तो दुसऱ्या बोटीची गर्दी पाहून तिथेच घुसणार आणि तुम्हाला माशाच्या डोक्यावर उतरवणार. तिथल्या कितीतरी माशांच्या पाठीवर, परांवर बोटीच्या पंख्याच्या पात्यांचे वण आहेत. ते असल्याच घाईतून आलेले. नशिबाचा भाग म्हणणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. एका वेळी किती जण पाण्यात उतरवता? आणि आधीच चार बोटी उभ्या असतील तर काय करता? ‘लांब थांबतो, नाहीतर पुढे शोधतो’ असं म्हणाला तर पैसे देऊन टाका.

तुमच्या पोहण्याची काळजी नको. विहिरीपेक्षा खाऱ्या पाण्यात माणूस सहज तरंगतो. लाइफ जॅकेट घाला, त्यात कमीपणा नाही. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर जागेवर राहिला तर तो तुमचा. पायातले फिन्स मारताना विहिरीतल्यासारखी सायकल चालवू नका, पाय मांडीपासून हलवा. हे सगळं आदल्या दिवशी किनाऱ्यालगत तासभर करून बघा, ह्यांनाही करायला लावा. निर्धास्त माणसंच आधी दमतात. बोटीतून उडी न मारता काठावर बसून हळूच सरका. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट बरा. तेवढं कमी रसायन पाण्यात.

फोटो काढायचाच तर कल्ल्याच्या पाच चिरांमागची बाजू घ्या, शक्यतो डावी. तिथली ठिपक्यांची रांगोळी प्रत्येक माशाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. ती जुळवण्यासाठी अभ्यासकांनी खगोलशास्त्रज्ञांची तारे ओळखण्याची गणिती पद्धत उसनी घेतली आहे. मालदीवमध्ये या माशांची नोंद ठेवणाऱ्यांना पर्यटकांचे असे फोटो हवे असतात.

प्रश्न : आम्ही चार मित्र फिलिपिन्समध्ये सेबूला चाललोय. ओस्लोबला सकाळी गेलं की व्हेल शार्क शंभर टक्के दिसतो म्हणतात, आणि स्वस्तही आहे. काही लोक नावं ठेवतात. का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शंभर टक्के दिसतो, कारण त्याला बोलावून जेवायला घालतात. २०११ च्या सुमारास तिथल्या कोळ्यांनी होडीतून बारीक कोळंबी टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता गावाचा धंदा झाला. मासा होडीशेजारी उभा, तोंड वर करून, आणि भोवती पर्यटक. पाण्यात उतरण्याआधी अंतराचा नियम सांगतात. पण माशालाच तुमच्या होडीकडे ओढून आणलंय, तर तुम्ही मागे सरकणार कुठे? होडी म्हणजे खाणं हे एकदा डोक्यात बसलं की तो दुसरीकडेही होडीजवळ जातो. प्रत्येक होडीवर त्याला जेवू घालणारा असेलच असं नाही. शिवाय एरवी जो मासा हिंडत पुढे गेला असता, तो तिथेच रेंगाळतो.

गावाची बाजूही खरी आहे. त्या पैशावर घरं उभी राहिली, माणसं मासेमारीवरून या कामाकडे वळली. मी किनाऱ्यावरची, मला त्या माणसांना शिव्या देववत नाहीत. पण तुम्ही मला विचारलंत, तर मी जाणार नाही. त्याच देशात लुझोन बेटावर दोन्सोल आहे. तिथे त्याला बुतांदिंग म्हणतात, खायला घालत नाहीत, एका माशामागे एकच होडी आणि पाण्यात सहाच जण. १९९८ पासून तिथे हे चाललंय, आणि त्याच वर्षी त्या देशाने या माशाच्या शिकारीवर बंदी आणली. हंगाम ढोबळमानाने डिसेंबर ते मे. मात्र सेबूहून वाट वाकडी करावी लागेल, आणि तीन दिवस होडीत बसून हात हलवत परत यायची तयारी हवी. चौघांत तेवढी नसेल तर सेबूत बाकी पुष्कळ बघण्यासारखं आहे.

प्रश्न : आमच्या जाळ्यात गेल्या वर्षी असला मासा आला होता. जाळं कापावं लागलं. याला मारायला बंदी आहे ना?
– एक वाचक, हर्णे

उत्तर : आहे. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याआधी पिंपं बांधलेले आकडे टाकून याला मारत, म्हणून नावच ‘बॅरल’ पडलं होतं. यकृताचं तेल होड्यांना चोपडत. २००४ मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटलं आणि तीच माणसं जाळी कापून त्याला सोडू लागली. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून असा संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुढच्या वेळी जाळं कापताना मोबाइलवर चित्रण करा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे किंवा मत्स्य विभागाच्या कचेरीत द्या. चित्रण करताना जमलं तर डाव्या कल्ल्यामागचे ठिपकेही येऊ द्या.